आभाळातून पडलेलं जातं

साताऱ्याहून कराडकडे निघालात आणि महामार्ग सोडून आत वळलात की एका गावाच्या पाटीपुढं तुमचा पाय थबकतो. गावांच्या नावापुढं बुद्रुक असतं, खुर्द असतं. इथं ‘मिलिटरी’ आहे. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत आणि त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारनं इथं स्तंभ उभारला. तुम्ही तो बघता, मोबाइलवर फोटो काढता. उन्हं उतरलेली असतात, घाई कसलीच नसते. जवळच्या पारावर टेकता आणि चपला काढून पाय वर घेता.

चूक तिथंच होते. पारावर पाय वर घेऊन बसलेला माणूस लवकर उठत नसतो.

(पुढं लागणारे पार सगळे याच गावचे, असं मी म्हणत नाही. सातारा जिल्ह्यात असे पार गावोगाव आहेत आणि त्यांवर बसलेली माणसंही तीच. नावं मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका.)

वैशाख, १९१९. डांबर गेलं, तारा गेल्या, उरला फुफाटा. गेल्या साली पावसानं दगा दिलाय आणि त्याच साली मानमोडीची साथ येऊन गेलीय. समोरच्या आळीत तीन घरांना बाहेरून कडी आहे, पण कुलूप नाही. आत चोरण्यासारखं काही नाही आणि परत येणारंही कुणी नाही. पाराशेजारी एक रेडकू बांधलंय. त्याच्या गळ्यात दावं नसून खाकी कापडाची लांब पट्टी आहे. शिपाई पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळतात, ती.

पट्टीचा मालक तुमच्या शेजारी बसलाय. वर मिलिटरीचा सदरा, खाली धोतर. वय तीस असेल, दिसतो पन्नाशीचा.

“पाव्हणं, कुठलं म्हणायचं?”

तुम्ही पुण्याचं नाव सांगता.

“पुन्याचं? म्हंजी आमच्याच डिव्हिजनचं की!” तो हसतो. पुढचे दोन दात नाहीत.

विनोद तुम्हाला जरा उशिरा कळतो. सहावी पूना डिव्हिजन. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती टायग्रिस नदीच्या काठानं बगदादकडे निघाली, बगदादच्या अलीकडेच मार खाऊन मागं फिरली आणि कुट-अल-अमारा या गावात अडकली. १९१५च्या डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला, तो १९१६च्या एप्रिल अखेरपर्यंत उठला नाही. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. हा एकशेदहाचा.

पोरं पारापुढं उकिडवी बसलीत. त्यांना एकच ऐकायचंय. “आण्णा, तुर्क किती मारलंस?”

तो ऐकलंच नाही असं दाखवतो आणि तुमच्याकडे वळून जात्याची गोष्ट सांगायला लागतो.

“दाणं व्हतं, पाव्हणं. जव घावला व्हता गावात. पर दळायचं कशावर? एवढी हज्जारो तोंडं, आन जाती न्हाईत. मग येक दिस इमान आलं. आमास्नी वाटलं बाम पडतुया. पालथं झालो समदी. बगतो तर जात्याची तळी!”

पोरं खिदळतात. आभाळातून जातं पडतं का कधी? बसऱ्याला जाऊन डोकं फिरलंय याचं. तुम्ही मात्र हसत नाही, कारण हे तुम्ही कुठंतरी वाचलंय. कुटच्या वेढ्यात विमानातून जात्याचे दगड टाकले होते, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत पिठाची पोतीही टाकली. त्यातली काही नेमकी नदीत पडली. वेढ्यातल्या सैन्याला विमानातून रसद पोचवायचा इतिहासातला हा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. लष्करी इतिहासकार त्यावर पानं लिहितात. पोरांना पटत नाही, ते नाहीच.

तो पुढं सांगतो. खंदकात पाणी भरलं. मग थंडी. मग माशा. पीठ मूठभर झालं. साहेबानं घोडी कापायला काढली, मग खेचरं. गोरे खायला लागले. आपली माणसं खाईनात. साहेबानं हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांचे निरोप मागवले की या अडचणीत खाल्लं तर पाप नाही. तरी खाईनात. वरच्या पापाची भीती नव्हतीच फारशी.

“द्येवाचं काय न्हाई वो. त्यो समजून घितो. पर गाव? पोरीची लग्नं कोन करंल?”

“मग तुम्ही खाल्लं?” तुम्ही विचारून बसता.

तो तोंड उघडतो, तेवढ्यात गल्लीतून त्याची आई येते. हातात फडक्यात भाकरी आणि कांदा. तो गप्प होतो. आई भाकरी ठेवते, तुमच्याकडे बघून पदर सावरते आणि जाते. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्या पाठीकडे बघत राहतो. मग हळू आवाजात, “शेवटाला खाल्लं. म्हातारीला बोलू नगा.”

त्याच्या खाण्याकडे नीट बघा. भाकरी तो एका हातानं मोडतो आणि दुसरा तळवा खाली धरतो. तळव्यात पडलेला चुरा आधी खातो, मग तुकडा. कांदा फोडताना उडालेलं सालसुद्धा उचलतो. भाकरी संपल्यावर जिभेनं बोट ओलं करून पाराच्या दगडावरचे चार कण टिपतो. पोरांनी हे रोज पाहिलंय, त्यांना त्यात नवल नाही. तुम्ही नजर दुसरीकडे वळवता.

शरणागतीनंतरचं तो सांगतच नाही. “मग चाललो,” एवढंच. त्या दोन शब्दांत काय काय येतं ते मला सांगावं लागेल. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडलं आणि सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना दगडासारखी बिस्किटं दिली. उपाशी पोटांनी ती खाल्ली आणि पहिल्या मुक्कामावरच कित्येक जण जुलाबांनी मेले. उरलेले उन्हातून बगदाद, मोसुल आणि तिथून रास-अल-ऐनपर्यंत हाकलले गेले. तिकडं हिंदी कैद्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. टाउनशेंडसाहेबांनी कैद इस्तंबूलजवळच्या बेटावरच्या बंगल्यात काढली आणि त्यांचं स्पॉट नावाचं कुत्रं तुर्कांच्या परवानगीनं सुखरूप आपल्या लोकांत पोचलं. मला विचाराल तर या साहेबाबद्दल आणखी काही लिहायची गरज नाही.

रात्री तुम्ही त्याच्याच सोप्यात पडता. पहाटे घरघर ऐकू येते. आई दळायला बसलीय. आमच्याकडे पुरुष जात्यावर बसत नाहीत. तुम्ही कूस वळता आणि अंधारात दिसतं ते असं: तो उठून आईसमोर बसलाय, खुंट्यावर तिच्या हाताशेजारी त्याचा हात. ती काही बोलत नाही. मूठभर ज्वारी टाकते आणि जातं फिरत राहतं.

घरघर थांबते तेव्हा उजाडलंय आणि तुम्ही पुन्हा पारावर आहात. साल १९४६. समोरच्या माणसानं कॅप्स्टनच्या डब्यातून विडी काढलीय. डबा इटलीहून आलाय, विडी इथलीच. पायात मिलिटरीचे बूट, मोजे नाहीत. पोटाला गावाकडं धान्य नाही, रेशनला रांगा आहेत. पलटणीत मात्र दोन वेळचं मिळत होतं, हे तो न लाजता सांगतो. भरती का झालात, असं विचारलं तर वर्तमानपत्रात छापण्यासारखं उत्तर मिळणार नाही. “पोटाला,” म्हणतो.

यंदा पारावर बोलणाऱ्यांची गर्दी आहे. केरेनला होतो म्हणणारे आहेत, तोब्रूक पाहिलेले आहेत, इटलीवाले तर ढिगानं. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी काय केलं ते इथं सगळ्यांना पाठ आहे. तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा हा एकटा मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्यानं मारलं. तिथंच त्याला गोळी लागली. माणगावकडचा पोरगा, व्हिक्टोरिया क्रॉस मरणानंतर आला. दुसरा, नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव, जिवंत परत आला. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. जखमींना सुरुंगांतून, पाण्यातून त्यानं अलीकडे आणलं, परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभा राहून पलटणीची आरोळी ठोकली.

“म्या तितंच व्हतो, डाव्या अंगाला,” विडीवाला म्हणतो.

“म्याबी,” पलीकडून आवाज येतो.

“व्हय की, म्याबी.”

सेनिओच्या त्या बांधावर नामदेवच्या डाव्या अंगाला इतकी माणसं असती तर मशीनगनला वळायलाही जागा उरली नसती. पण या थापांना मी थापा म्हणणार नाही. जो आपल्या पलटणीतला, त्याच्या शेजारी आपण होतोच.

गर्दी पांगल्यावर विडीवाला तुम्हाला वेगळंच सांगतो. हिवाळ्यात डोंगरात चिखल गुडघाभर. एका पडक्या घरात म्हातारी, तिच्याकडे तांबूस पिठाची रोटी. “म्हटलं नाचणी. तोंडात घातली तर ग्वाड!” चेस्टनट नावाच्या झाडाच्या फळाचं पीठ ते. तिकडच्या डोंगरी लोकांचं गरिबाचं अन्न. त्यानं तिला दुधाचा डबा दिला, तिनं त्याला रोटी. दोघांची भाषा वेगळी. “आमच्या आईगतच बसायची, चुलीफुडं. येक पाय दुमडून.”

पारावर आणखी एक माणूस आहे. तो इतका वेळ काहीच बोलला नाही. विडीवाल्याचा थोरला भाऊ. धाकटा इटलीत इंग्रजांकडून लढत होता तेव्हा थोरला इकडं उसाच्या फडात लपत होता, इंग्रजांविरुद्ध. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, लोक त्याला पत्री सरकार म्हणत. एका घरातून एक पलटणीत, एक भूमिगत. हे नवल नव्हतं त्या वेळी. धाकट्याची मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर थोरल्याला भाकरी बांधून फडात पोचवली जायची. सरकारचा पगार, सरकारच्या वैऱ्याचं जेवण. आईला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

आता एक धाकट्याला फेटा बांधा म्हणतो, दुसरा थोरल्याला. दोघांच्या गोष्टी एका पारावर मावत नाहीत. धाकटा असला की थोरला गप्प, थोरल्याची माणसं आली की धाकटा बूट घालून घरी जातो. वर्षभरात स्वातंत्र्य येईल, थोरल्याच्या गळ्यात हार पडतील आणि धाकट्याची इटली ट्रंकेत जाईल. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण. महाराष्ट्रातल्या किती माळ्यांवर अशी एक ट्रंक आहे, मोजायला हवं कुणीतरी.

आता ट्रंकेच्या झाकणाचा आवाज होतो. १९७३, माण तालुका. पाऊस सलग रुसलेला. पार आहे, पण पारावरचं झाड अर्धं वाळलंय. सगळं गाव दुष्काळी कामावर आहे. बाया खडी फोडतायत, दुपारी पोरांना सुकडी मिळते. तिची पिवळट भुकटी पोरांच्या ओठांवर दिसते. हवालदार मागल्या वर्षी पंधरा वर्षं भरून पेन्शनवर आला. तोही खडी फोडतोय. पेन्शनमध्ये नऊ माणसं भागत नाहीत.

दुपारच्या सुट्टीत तो पारावर येतो, हातावरची धूळ झटकतो आणि पोरं ओरडतात, “गोळीची गोष्ट!”

ही गोष्ट तो जरा ऐटीत सांगतो आणि ती आहेच तशी. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. नावाड्यांच्या होड्यांतून ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शत्रूच्या पाठीमागं जाऊन बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला, कर्नल सुलतान अहमदला, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी घेऊन गेला मुन्शी नावाचा मुक्तियोद्धा. उत्तर आलं. पाकिटात चिठ्ठी आणि तिच्यासोबत गुंडाळलेली एक गोळी.

“मंग?” पोरं दरवेळी विचारतात, पुढचं माहीत असून.

मग १० डिसेंबरची रात्र. जमालपूरची फौज गुपचूप बाहेर पडली, ती थेट मराठ्यांच्या खंदकांवर. हवालदार आवाज खाली आणतो. आधी पावलं ऐकू आली, मग गाड्या. हुकूम होता, सांगेपर्यंत गोळी नाही. पापणी पाडायची नाही. “माझ्या शेजारच्याच्या पोटात गुरगुरत हुतं. मला वाटलं, ह्यो आवाज तिकडं जातोय आता.” पोरं पोट धरून हसतात. मग हुकूम आला आणि पहाटेपर्यंत थांबलं नाही. उजाडल्यावर समोर दोनशेहून अधिक प्रेतं. त्याच ११ तारखेला दुपारनंतर टांगाईलला पॅराशूटनी दुसरी पॅरा उतरली. तीही मुळात मराठाच. १६ला ढाका.

पोरं उठून जातात. तुम्ही बसून राहता, म्हणून तो उरलेलं सांगतो. खरं म्हणजे ट्रंकेतून डबा काढतो आणि तुमच्या हातावर तीन तुकडे ठेवतो. दाताला दगड. “शक्करपारे. आमच्या खिशात हेच. दिवाळीला घरात केल्या की म्हणतो, ह्या शंकरपाळ्या न्हवंत, पलटणीच्या करा. बायको म्हणती, वाळू घाला मग चार महिने.”

“त्या सकाळी एक धरला. पोरगंच. मिसरूड नव्हतं. हात वर करून थरथरत हुतं. आमच्याकडचे बंगाली लोक शिव्या देत हुते त्याला, आणि द्यायलाच पाहिजेत, काय काय केलं हुतं त्येंनी तिथं. मी खिशात हात घातला तर त्यानं डोळं मिटलं. वाटलं असंल, पिस्तूल.” तो थांबतो. “शक्करपारा काढला. खाल्ला त्यानं. मग हात पुढं केला, अजून एक म्हणून.”

हे तो पोरांना का सांगत नाही, असं तुम्ही विचारता.

“त्येंला गोळी पायजे असती,” तो म्हणतो आणि हातोडी उचलतो.

खडीवर हातोडी पडते, टक, टक, आणि तो आवाज बदलत बदलत रांगेतल्या टोकन-यंत्राचा होतो. तुमच्या पायात चपला आहेत. मोबाइल खिशात आहे. महिना नोव्हेंबर.

तुमच्या पुढं सत्तर-ऐंशी माणसं आहेत आणि निम्म्यांच्या कोटावर बिल्ले आहेत. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण मेलो नाही हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं. खिडकीपाशी हवालदार उभा आहे, आता शहाऐंशीचा. कार्यालय कुठलं ते सोडा, असं कुठंही होतं. यंत्रावर अंगठा ठेवतो, ठसा लागत नाही. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात. लागत नाही. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. दुष्काळातल्या खडीनं की नुसत्या वयानं, त्यालाही सांगता येत नाही.

खिडकीतला मुलगा चांगला आहे. तो उठून बाहेर येतो, मोबाइल समोर धरतो. चेहऱ्यावरून पण होतं म्हणतो.

“आजोबा, डोळे मिचकवा.”

हवालदार सरळ उभा. नजर समोर. पापणी हलत नाही.

“आजोबा, मिचकवा ना. जिवंत आहात हे मशीनला कळायला पाहिजे.”

रांगेत कुणीतरी हसतं. तुम्हाला जमालपूरची रात्र आठवते आणि तुम्ही हसत नाही. तिसऱ्या वेळी तो पापणी पाडतो. पडद्यावर हिरवी खूण येते. तो बाजूच्या बाकावर बसतो, पिशवीतून डबा काढतो, उघडतो आणि शेजारच्या अनोळखी माणसापुढं धरतो. तोही कोटावर बिल्लावाला आहे. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

“कुठली पलटन?” शेजारचा विचारतो.

“जंगी. तुमची?”

“काळी पाचवी.”

पुढचा अर्धा तास ते दोघं जेवणाबद्दल बोलतात. लडाखला डाळ शिजायची नाही. पावसात लंगर कसा पेटवायचा. कुठल्या सुभेदाराच्या हातच्या मटणाला चव होती. लढाईचा शब्द एकदाही येत नाही आणि तुम्हाला कळतं की सगळं त्यातच चाललंय.

तुमच्या आळीत, सोसायटीत, गावात असा एक जण नक्की आहे. येत्या नोव्हेंबरात त्याला दाखल्यासाठी तुम्ही घेऊन जा. रांग मोठी असते, वेळ भरपूर मिळतो. किती मारले, असं विचारू नका. काय खाल्लं ते विचारा.